सोमवारचं पाणी

॥ ॐ नमः शिवाय ॥

कंधार
२ मार्च १९८३

ती. अण्णा यांस,
उमाचा शि. सा. न. वि. वि.

माझ्या लग्नात, अक्षता पडून गेल्यावर, आप्पा मांडवातच सगळ्या भावकीसमोर म्हणाले होते, "पोरीला जमीन दिली तर ती काय डोक्यावर घेऊन कंधारला नेणार? तिला विहिरीचा एक वार देतो. सोमवार उमाचा." मंडळी हसली. तुम्हीही हसला होता.

परवा तुमचं पाकीट आलं. आत तुमच्या हातची एक ओळ नव्हती. टाईप केलेला करार होता आणि मी सही करायच्या जागी पेन्सिलीची फुली. मी तो तीनदा वाचला. शाळेतल्या बाईला कागद वाचायची खोड असते, त्याला इलाज नाही.

कराराचा अर्थ मला असा लागला. ग्रामपंचायत रस्ता आणि टाकीसाठी जागा देणार. लातूरचे आडते माणिकप्पा पंप आणि पाइप घालणार. तुम्ही कवठसांगवीची विहीर देणार. गल्लोगल्ली नळ होणार, घागरीमागे आकार पडणार आणि हे सगळं वीस वर्षं चालणार. त्यासाठी आठवड्याचे सातही दिवस लागतात. वाटणीपत्राप्रमाणे सहा तुमचे आहेत, सातवा माझा आहे, म्हणून ही फुली.

अण्णा, मी सही करणार नाही. माझा वार मी कधी वापरला नाही, तो गावाला सोडला. सोमवारी तुमचं इंजन बंद असतं आणि दिवसभर बाया पायऱ्या उतरून घागरी भरतात. बाकीचे दिवस त्या नदीच्या पात्रात झिरे उकरत बसतात, हे संक्रांतीला तुम्हीच सांगितलंत. आणि करारात एक कलम आहे की विहिरीच्या पायऱ्यांना गेट बसेल आणि तिथून दुसऱ्या कुणाला पाणी घेता येणार नाही. नळाला माझी हरकत नाही. गेटला आहे.

लोकांना पाणी देणं हे सरकारचं काम. सरकार ते करत नसेल तर त्याच्या मानगुटीवर बसायचं, त्याच्या जागी आपलं दुकान मांडायचं नाही. आप्पांच्या विहिरीवर तर नाहीच.

सौ. वहिनींनी पाठवलेली शेंगांची चटणी पोचली. बरणीचं झाकण सैल होतं, त्यामुळे एसटीच्या कंडक्टरपासून सगळ्यांना ती पोचली म्हणायला हरकत नाही. यांचा गुडघा बरा आहे. इथेही उन्हं तापली. मुलं शाळेत येताना बाटलीत पाणी आणतात आणि एकमेकांचं चोरून पितात.

करार सोबत परत पाठवते. पेन्सिलीची फुली मी खोडलेली नाही, ती तुमची तुम्ही खोडावी. लोभ आजवर होता तसा ठेवावा.

आपली
उमा

&nbsp;

॥ श्री शिव प्रसन्न ॥

कवठसांगवी
११ मार्च १९८३

चि. सौ. उमाबाई हिस,
बसवराजचे अनेक उत्तम आशीर्वाद.

पत्र पोचलं. मुरुडच्या दुकानात गिऱ्हाईक समोर असताना वाचलं, ही चूक झाली. मोजायला घेतलेली डाळ तशीच राहिली.

तू सरकार सरकार लिहितेस. तुला ते भेटलंय का? आम्हाला तर भेटंना. मारुतीच्या देवळापुढचा हातपंप दिवाळीत मोडला. सरपंच जुन्या जिल्ह्याला गेला, ते म्हणाले तुमचा जिल्हा आता निराळा. नव्या जिल्ह्याला गेला, ते म्हणाले तुमचे कागद अजून इकडं आले न्हाईत. जिल्हा पुढं आला आणि कागद मागं राहिले. पंप तसाच उभा हाय. त्याच्या दांड्याला आता लोक शेळ्या बांधतात. मानगुटीवर बसायला आधी मानगूट तर दिसायला पायजे.

तू कंधारात बसून बोलू शकतेस. पहिल्या तारखेला तुझ्या घरी पाऊस पडतो. आमच्याकडं मागल्या साली पडला न्हाई, औंदाचं ठाऊक न्हाई.

आणि गेटचं म्हणशील तर ऐक. त्या पायऱ्यांवर शेवाळ हाय. नीलाबाई, तुझ्या लहानपणची, खालच्या गल्लीची, मागल्या श्रावणात तिथं घसरली आणि मनगट मोडून घेतलं. तुझ्याच सोमवारी. तिला दारात नळ मिळाला तर त्यात पाप काय? आकार घेतल्याशिवाय पंपाला डिझेल कोण घालणार, तू? फुकटच्या पाण्याला वाली नसतो. दर दोन वर्षांनी विहिरीचा गाळ मी काढतो. गडी लावून, दोर लावून. गाळात तुझा सोमवार निराळा निघत न्हाई, तोही मीच उपसतो. आजवर बोललो न्हाई.

आता आणखी एक गोष्ट, तीही आजवर बोललो न्हाई. आप्पांनी तुला सोमवारच का दिला, हा विचार इतक्या वर्षांत तुझ्या मनात आला न्हाई, याचं मला नवल वाटतं. आपल्यात सोमवारी बैल जुंपत न्हाईत. बसवण्णाचा वार, बैलांना सुट्टी. तेव्हा विहिरीवर मोट होती, इंजन न्हवतं. बैल न्हाई तर मोट न्हाई. सोमवारी ती विहीर आप्पांच्या कामाची न्हवतीच. जो वार कुणाला नको होता तो त्यांनी तुला दिला, आणि तो तू गावाला देऊन दानशूर झालीस. मांडवात मंडळी हसली ती याला हसली. मीबी यालाच हसलो.

राग येऊ देऊ नये. खरं हाय ते लिहिलं. करार पुन्हा पाठवतो. सही करून धाडावा. न धाडल्यास लोभ कमी होईल असं समजू नये, होता तेवढाच राहील.

तुझा
अण्णा

&nbsp;

॥ ॐ नमः शिवाय ॥

कंधार
२६ मार्च १९८३

ती. अण्णा यांस,
उमाचा शि. सा. न. वि. वि.

उत्तराला उशीर झाला.

सोमवारी आपले दोन्ही बैल कडुलिंबाखाली बसलेले असायचे. आप्पा त्यांची शिंगं तेलानं पुसायचे आणि मी त्यांच्या पाठीला पाठ लावून बसायचे. सोमवार मला फार आवडायचा, कारण त्या दिवशी आप्पा दिवसभर घरी असत. आणि तरी या दोन गोष्टी मी कधी एकत्र मांडल्या नाहीत. तुमचं पत्र शाळेच्या ओसरीवर वाचलं. रडू आलं नाही. आप्पांचा रागही आला नाही. तुमचा आला. कारण तुम्ही हे इतकी वर्षं जपून ठेवलं होतं, आणि काढलंत ते सही हवी होती तेव्हा.

आप्पांना नको असलेला वार त्यांनी मला दिला, हे खरं असेल. जगात देण्याची रीतच तशी दिसते. पण इंजन आलं तेव्हा तो वार तुमच्या कामाचा झाला. इंजन काही सोमवार पाळत नाही. तेव्हा तुम्ही तो मागितला नाहीत, कारण आप्पा बसलेले होते. आता ते नाहीत.

गाळाचं तुमचं म्हणणं बरोबर आहे. नीलाबाईच्या मनगटाचंही, ते तर मला कुणी कळवलंसुद्धा नव्हतं. पण पायरीवर शेवाळ झालं तर पायरी घासावी, अण्णा. तिच्यावर कुलूप का घालावं? तुमच्या नळाचं पाणी चांगलं असेल, वेळेवर येत असेल, तर ते बाया घेतीलच. मग आठवड्यातून एकदा घागर भरून नेणाऱ्या बाईची भागीदारांना एवढी धास्ती का? याचं एकच उत्तर मला सुचतं. जिला दुसरीकडे कुठे जाता येत नाही, तिच्याकडून हवा तो आकार घेता येतो. वीस वर्षं.

तुम्ही विचारलंत की मला सरकार भेटलं आहे का. मी त्याला भेटायला गेले नाही, पण पत्र लिहिलं. दुष्काळात सरकार खाजगी विहीर पाऊस पडेपर्यंत ताब्यात घेऊ शकतं, हे यांनी मला दाखवलं. नव्या जिल्ह्याच्या कचेरीला मी गेल्या आठवड्यात अर्ज पाठवला आहे. लिहिलं आहे की मी या विहिरीची हिस्सेदार आहे, सोमवार माझा आहे, त्या दिवशी विहिरीवर इंजन चालत नाही आणि विहीर पिण्याच्या पाण्यासाठी ताब्यात घ्यायला माझी संमती आहे. विहीर एकदा सरकारकडे गेली की सातही दिवस गावाचे होतील आणि गेटचा प्रश्न उरणार नाही.

तुम्हाला न विचारता केलं. विचारलं असतं तर तुम्ही नाही म्हणाला असता, आणि मग मला तुमचं न ऐकण्याचं पाप लागलं असतं. आता ते निदान अर्धंच लागेल.

वहिनींना नमस्कार. चटणी संपली. मागत नाही.

लोभाचं तुम्हीच ठरवावं.

उमा

&nbsp;

॥ श्री ॥

कवठसांगवी
४ मे १९८३

सौ. उमावन्सं यांस,
रुद्राणीचा नमस्कार.

तुमचे भाऊ मुरुडला गेलेत, तेवढ्यात लिहिते. अक्षर वाईट आहे ते सांभाळून घ्या. हे पत्र मी लिहिलंय हे त्यांना कळलं तरी चालंल, मला आता कुणाचं भ्या न्हाई.

पाडव्याच्या नंतर कचेरीतले साहेब आले. आपल्या ओट्यावर बसले, ताक प्याले. तुमचा अर्ज त्यांच्या हातात. तुमच्या भावाचं तोंड असं झालं की मला वाटलं आता जिवाला काही करून घेतात. पण न्हाई. आत गेले आणि करार आणून ठेवला. म्हणाले, साहेब, विहिरीचे सहा दिवस मी पिण्याच्या पाण्यालाच दिलेत, ग्रामपंचायतीची सही हाय, पाइप टाकायचं चालू हाय. साहेब खूश झाले. म्हणाले, सरकार आणि खाजगी मिळून असं काम झालं तर आमचा निम्मा ताप कमी होईल, ह्या सहा दिवसांना हात लावायचं मला कारणच न्हाई. मग पानं उलटून म्हणाले, सोमवार तेवढा मोकळा दिसतो, त्या दिवशी विहीर चालत न्हाई असं बाईंनी स्वतःच लिहिलंय, संमतीबी हाय.

म्हणून त्यांनी सोमवार घेतला, वन्सं. फक्त सोमवार. आणि गावाला न्हाई, लातूर शहराला. गावाला म्हणे सहा दिवस नळ हाय. कचेरीजवळ टँकर न्हवते, ते भाड्यानं लावले. कुणाचे? माणिकप्पाचे.

परवा पहिला सोमवार. बाया नेहमीसारख्या घागरी घेऊन आल्या. पायरीवर पोलीस बसलेला. उमरीकडचा हाय, बिचारा अदबीनं बोलला, मावशी मला हुकूम हाय. कुणी शिव्या दिल्या, कुणी पाया पडलं. त्यानं इकडं तिकडं बघून चार-पाच कळश्या भरू दिल्या, तेवढ्यात टँकर आला. नीलाबाई मात्र भरायला पुढं झाली न्हाई. मोडका हात पदरात धरून उभी होती. मी विहिरीजवळच्या ओट्यावर होते. मला ऐकू जाईल असं म्हणाली, "उमाबाईनं वार दिला तवा आमाला इचारलं न्हाई, काढून घेतला तवाबी इचारलं न्हाई."

हे तुम्हाला लिहू का नको, दोन दिवस विचार केला.

नळाचंबी खरं सांगते, कारण खोटं तुम्हाला कुणीतरी सांगंलच. वरच्या दोन गल्ल्यांत पाणी येतं, चांगलं येतं. माझ्या दारात येतं, कंबरेचा त्रास कमी झाला. खालच्या गल्लीला येत न्हाई. नुसता वारा येतो आणि नळ शिट्टी घालतो. माणिकप्पाचा माणूस म्हणतो पाइप वाढवावा लागंल, पण तेवढी घरं आकार देतील का याचा त्याला भरवसा न्हाई. पायऱ्यांना गेट बसलं.

तुम्ही दोघं भाऊबहीण लई हुशार. एकाला सरकार कळतं, एकाला धंदा कळतो. मधी विहीर गेली. लहानपणी एका ताटात जेवलात म्हणतात, ते ताट तरी कुणाकडं राहिलं?

चटणी पाठवत न्हाई. रागावले म्हणून न्हाई, शेंगाच न्हाईत.

तुमची
रुद्राणी

&nbsp;

कवठसांगवी
९ मे १९८३

सौ. उमाबाईस आशीर्वाद.

तुझ्या सरकारनं तुझा वार नेला. माझे सहा माझ्याजवळ हायत. यापुढं मला बोल लावायचा तुला हक्क न्हाई.

खालच्या गल्लीत पाणी चढत न्हाई, हे तुला घरातून कळलं असंल, मला माहीत हाय कुणाकडून. पाइप वाढवण्याबद्दल मी माणिकप्पाला बोललो. तो बघतो म्हणाला. गेटची किल्ली त्याच्या माणसाजवळ असते. ते करारात तसंच हाय, मी वाचूनच सही केली होती. परवा पूजेला तांब्याभर पाणी पाहिजे होतं तर तो माणूस जेवायला गेलेला. बसलो ओट्यावर. आला मग.

तू अर्ज केला नसतास तर सोमवार तरी माझ्या शब्दात राहिला असता. मी काहीतरी केलं असतं. आता दोन्हीकडून गेला. पत्र धाडू नये. बसवजयंतीला येणार असशील तर येऊ नये.

बसवराज

&nbsp;

॥ ॐ नमः शिवाय ॥

कंधार
२२ मे १९८३

ती. अण्णा यांस,
उमाचा शि. सा. न. वि. वि.

पत्र पाठवू नकोस म्हणालात, तरी पाठवते. जयंतीला आले नाही, तेवढं ऐकलं.

दुसऱ्या दिवशी लातूरला गेले. शाळेला सुट्टी आहे. कचेरी अजून भाड्याच्या जागेत आहे. ज्यांनी हुकूम काढला ते साहेब भेटले. मी ठरवून गेले होते की चांगलं भांडायचं. पण माणूस सरळ निघाला. त्यांनी माझा अर्ज माझ्यापुढे ठेवला आणि विचारलं की यात चुकीचं काय वाचलं ते सांगा. सोमवारी विहिरीवर इंजन चालत नाही असं मीच लिहिलं होतं. त्यांनी ते सोमवार मोकळा आहे असं वाचलं. त्या दिवशी तिथे शेकडो घागरी भरतात, हे लिहायचं माझ्या मनातच आलं नाही, कारण मला ते सूर्य उगवण्यासारखं वाटत होतं. ते कोण लिहितं? हुकूम पावसाळा लागेपर्यंत फिरणार नाही, असं ते म्हणाले. नियमात नाही.

मग शिपायानं माझ्यापुढे पाण्याचा पेला ठेवला. उन्हातून गेले होते. अर्धा प्यायल्यावर लक्षात आलं की आज सोमवार आहे. शिपायाला विचारलं तर म्हणाला, हां बाई, आत्ताच टँकर आला, मुरुडकडचा. पेला ठेवावा असं वाटलं. ठेवला नाही. संपवला. गोड होतं.

बाहेर गल्लीत तोच टँकर उभा होता. त्याच्या नळीखाली बाया घागरी घेऊन भांडत होत्या. त्यातल्या एकीच्या कडेवर पोर होतं आणि तिनं घागर डोक्यावर घ्यायच्या आधी ओंजळभर पाणी पोराच्या तोंडावरून फिरवलं. तिचा मला राग यायला हवा होता. आला नाही. मी इतके दिवस सरकार म्हणून एक शब्द मनात धरून बसले होते, आणि त्याच्या एका टोकाला ही बाई होती, दुसऱ्या टोकाला नीलाबाई, आणि मध्ये टँकर माणिकप्पाचा. सरकारनं स्वतःचा एक टँकर, एक हातपंप, एक पाइप नीट ठेवला असता तर या दोघींना एकमेकींचं पाणी प्यावं लागलं नसतं. अजूनही मला वाटतं की ते त्याचंच काम आहे. तुम्ही हसाल. हसा.

मुरुडची गाडी फलाटाला लागलेली होती. चढले नाही. तुमच्या मनाईमुळे नाही. नीलाबाई समोर आली तर तिला काय सांगू, हे मला सुचेना. ती म्हणाली ते वहिनींनी लिहिलं. वहिनींना बोलू नका, त्यांनी नसतं लिहिलं तर मी अजून स्वतःला चांगली बाई समजत राहिले असते. तेवीस वर्षं मी त्या बायांना एक वार देत होते आणि त्यातल्या एकीशीही त्याबद्दल कधी बोलले नाही. तुम्हीही करार करताना त्यांना विचारलं नाहीत. त्या बाबतीत आपण एकाच ताटात जेवलो, असं वहिनींना सांगा.

तांब्याभर पाण्यासाठी तुम्ही ओट्यावर बसून राहिलात, ते वाक्य मी पुन्हा पुन्हा वाचलं. तुम्ही ते का लिहिलंत? मला टोचायला लिहिलं असावं असं आधी वाटलं. आता तसं वाटत नाही. पण मी त्यावर काही लिहिणार नाही, तुम्हाला ते खपणार नाही.

आता मागणं. पाऊस आला की सोमवार माझ्याकडे परत येईल. तो मी तुम्हाला कायमचा लिहून देते, पेन्सिलीची फुली लागणार नाही, कागद आधी नीलाबाईला वाचून दाखवा, ती हो म्हणाली तर सही करते. त्याच्या बदल्यात तुमच्या सहांतला एक वार आजपासून खालच्या गल्लीला सोडा. कोणता, ते त्यांना विचारा. करार मी वाचला आहे. विहिरीचे मालक म्हणून तुमचं नाव पहिलं आहे, तुम्ही अडून बसलात तर माणिकप्पाला ऐकावं लागेल. त्यासाठी तुम्हाला त्याच्या दुकानाची पायरी चढावी लागेल आणि आपल्याच विहिरीची किल्ली एका दिवसापुरती मागावी लागेल. तुमच्यासारख्याला ते किती जड आहे, हे मला कळतं. तुम्ही माझ्या सरकारकडे बोट दाखवाल, काढलेला गाळ आठवाल, मला कंधारात सुखी राहा म्हणाल. पत्राचं उत्तरही बहुधा येणार नाही.

तरी मागते. किल्ली मागून घ्या, अण्णा, आणि स्वतः नेऊन नीलाबाईच्या हातात द्या.

उमा